चित्रपटनटाचा साचा आणि रंगभूमीवरील अनाकर्षक भूमिका

१

चित्रपटात नावारूपाला आलेला नट आपल्या लौकिकाच्या भरात एखाद्या नाटकात विद्रूप, विकल, दरिद्री किंवा पराभूत माणसाची भूमिका पत्करतो, ही घटना गेल्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडन व न्यूयॉर्क येथील रंगभूमीवर वारंवार घडत आली आहे. अशा वेळी वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते त्याचा आशय बहुधा ठरलेला असतो. नटाने रूप बाजूला ठेवण्याचे धैर्य दाखविले, साचा मोडला, आपण ‘खरे’ नट असल्याचे सिद्ध केले, असे सांगितले जाते. या स्तुतीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. रूप आणि अभिनय ही परस्परविरोधी आहेत, हे पहिले गृहीत. नटाने रंगमंचावर पाऊल ठेवताच त्याची पडद्यावरील प्रतिमा प्रेक्षागृहाच्या दाराबाहेर राहते, हे दुसरे. यांपैकी पहिले अर्धसत्य आहे आणि दुसरे चुकीचे आहे, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

विषयाची मर्यादा प्रारंभीच सांगितली पाहिजे. नटाने एखादी भूमिका का स्वीकारली हे त्याच्या मनातील गुपित असते आणि त्याचा शोध हे समीक्षेचे काम नव्हे. तसेच प्रत्यक्ष प्रयोगांच्या गुणदोषांचा निवाडाही येथे करावयाचा नाही. विचार करावयाचा आहे तो भूमिकांच्या घडणीचा. पडद्यावरील लौकिक घेऊन येणारा नट त्या घडणीत उभा राहिला असता नाट्यार्थात काय फरक पडतो, एवढाच प्रश्न येथे हाताळला आहे.

२

साचा ही गोष्ट चित्रपटाने जन्माला घातलेली नाही. राजपार्ट, खलपुरुष, विनोदी नट, नायिका अशी भूमिकांची वाटणी जुन्या नाटक मंडळ्यांत रूढच होती आणि एकाच भूमिकेत आयुष्य घालविणारे नट सर्व देशांच्या रंगभूमीवर होऊन गेले. परंतु रंगभूमीवरील साच्याला एक नैसर्गिक मर्यादा असते. प्रयोग संपला की ती आकृती नाहीशी होते, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निर्माण करावी लागते, आणि दरम्यान नटाचे वयही वाढत असते. चित्रपटातील आकृती नाहीशी होत नाही. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जातो व त्यावरील सूक्ष्मातील सूक्ष्म हालचाल मोठी करून दाखवितो, आणि तीच मुद्रा हजारो पडद्यांवर एकाच वेळी व वर्षानुवर्षे दिसत राहते. नट वृद्ध होतो, मुद्रा होत नाही. त्यातच निर्मात्याचे भांडवल प्रचंड असल्याने एकदा यशस्वी झालेली मुद्रा बदलण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. म्हणून चित्रपटनटाचा साचा हा केवळ सवयीचा भाग राहत नाही. त्याच्या मागे अर्थव्यवहार उभा असतो.

अशा नटाला रंगभूमीचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. तेथे पैसा थोडा मिळतो, पण भांडवलाचा धोकाही त्या मानाने थोडा असतो. चित्रपटाचा निर्माता जी भूमिका त्याला स्वप्नातही देणार नाही ती तेथे मिळू शकते. मात्र या व्यवहारात एक विरोधाभास दडलेला आहे. नाटकाच्या तिकीटखिडकीवर जी गर्दी लोटते ती त्या परिचित मुद्रेसाठीच लोटते. आत जी प्रतिमा मोडावयाची, तिचीच बाहेर विक्री चालू असते. हा विरोधाभास दांभिक म्हणून सोडून देता येईल. पण त्याचा नाट्यार्थाशी काही संबंध आहे काय, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

३

त्यासाठी भारतीय नाट्यविचारातील एका जुन्या चर्चेकडे वळणे उपयुक्त आहे. भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना शंकुकाने चित्रतुरगन्याय सांगितला. चित्रातील घोडा पाहणारा मनुष्य त्याला घोडाच म्हणतो, पण त्याचे हे ज्ञान खरे, खोटे, संशयात्मक किंवा सादृश्यात्मक यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही. त्याचप्रमाणे रामाची भूमिका करणाऱ्या नटाला प्रेक्षक राम म्हणून ग्रहण करतो. अभिनवगुप्ताने हे मत नोंदवून त्याचे खंडनही केले आहे. तथापि नट आणि पात्र यांचा संबंध सामान्य व्यवहारातील ज्ञानप्रकारांपेक्षा निराळा आहे, ही शंकुकाची जाणीव आजही मोलाची वाटते.

या विवेचनात दोनच पदे आहेत : अनुकार्य आणि अनुकर्ता, म्हणजे राम आणि नट. चित्रपटतारा रंगमंचावर येतो तेव्हा तिसरे पद उपस्थित होते. प्रेक्षकासमोर पात्र असते, नट असतो, आणि त्या नटाची पूर्वी अनेकदा पाहिलेली मुद्राही असते. ही मुद्रा नटाच्या इच्छेने येत नाही आणि त्याच्या इच्छेने जातही नाही, कारण ती प्रेक्षकाच्या स्मृतीत वसलेली असते. साच्यातून सुटण्याचा प्रश्न म्हणजे या तिसऱ्या पदाचे काय करावयाचे, हा प्रश्न होय.

त्याला दोन उत्तरे संभवतात. एक उत्तर आहार्य अभिनयाचे आहे. रंगभूषा व वेषभूषा यांच्या साहाय्याने मुद्रा झाकून टाकावी आणि नट ओळखूच येणार नाही असे करावे. दुसरे उत्तर उलट दिशेचे आहे. मुद्रा उघडी ठेवावी, प्रेक्षकाला ती ओळखू द्यावी आणि नाटकाच्या ओघात तिलाच कसोटीला लावावे. पहिल्या उत्तराने नटाचे कौशल्य दिसते. दुसऱ्याने नाटकाला काही नवे प्राप्त होते. पुढील उदाहरणे या भेदाच्या दृष्टीने पाहावयाची आहेत.

४

आरंभ अशा एका नाटकापासून करणे उचित होईल, ज्याचा साचा हाच एक विषय आहे. यूजीन ओनील यांचे वडील जेम्स ओनील हे अमेरिकेतील नामवंत नट. ‘मॉन्टे ख्रिस्तो’ या नाटकातील नायकाची भूमिका त्यांना १८८३ साली मिळाली आणि पुढे तिने त्यांना सोडले नाही. तिच्यापासून त्यांना विपुल पैसा मिळाला, परंतु शेक्सपिअरच्या भूमिकांची त्यांची उमेद तिच्याखाली दबून गेली. ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ या नाटकातील जेम्स टायरन हे पात्र मुलाने त्यांच्यावरूनच रेखाटले. शेवटच्या अंकात मध्यरात्री, दिव्यांची वीज वाचविण्याच्या धडपडीत असलेला हा वृद्ध नट मुलाजवळ कबुली देतो, की एका हमखास पैसा देणाऱ्या नाटकाने आपल्यातील कलावंत संपविला.

हे नाटक न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर १९५६ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा टायरनची भूमिका फ्रेड्रिक मार्च यांनी केली. मार्च हे दोन ऑस्कर पारितोषिके मिळविलेले चित्रपटनट होते आणि १९३० नंतरच्या दशकात रुबाबदार नायक म्हणून त्यांची ख्याती होती. साठीच्या उंबरठ्यावरील मार्च यांच्यापुढे साच्याचा प्रश्न एखाद्या तरुण नटाइतका तीव्र उरला नव्हता हे खरे. तरीही प्रेक्षकांसमोर जो कंजूष, मद्यपी, थकलेला बाप उभा होता, त्याचा गतकाळचा रुबाब त्यांना संवादांवरून कल्पावा लागत नव्हता. तो त्यांनी पडद्यावर स्वतः पाहिलेला होता. एरव्ही केवळ शब्दांनी सूचित होणारा टायरनचा भूतकाळ येथे प्रेक्षकाच्या स्मृतीने भरून निघाला. या भूमिकेसाठी मार्च यांना टोनी पारितोषिक मिळाले. परंतु येथे अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की पडद्यावरील मुद्रा नाटकाच्या आड न येता त्याच्या उपयोगी पडली.

५

विद्रूपतेच्या भूमिकांत ‘द एलिफंट मॅन’ या नाटकाचा विचार अपरिहार्य आहे. जोसेफ मेरिक (१८६२–१८९०) हा इंग्लंडमधील एक तरुण. विचित्र व्याधीने त्याचे मस्तक व शरीर विलक्षण विरूप झाले होते. जत्रेतल्या प्रदर्शनाची वस्तू म्हणून काही काळ काढल्यावर त्याला शल्यवैद्य फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज यांच्यामुळे लंडन हॉस्पिटलमध्ये आश्रय मिळाला. बर्नार्ड पॉमरन्स यांनी त्याच्या जीवनावर लिहिलेले नाटक १९७७ साली लंडनमध्ये व १९७९ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले.

या नाटकाचा महत्त्वाचा संकेत असा, की मेरिकची भूमिका करणाऱ्याने विद्रूपतेची रंगभूषा करावयाची नाही. आरंभीच्या एका प्रवेशात ट्रीव्ह्‌ज व्याख्यान देतात, पडद्यावर खऱ्या मेरिकची छायाचित्रे दिसतात, आणि बाजूला उभा असलेला जवळजवळ विवस्त्र नट त्या वर्णनानुसार आपले निरोगी शरीर हळूहळू वाकडे करीत जातो. तेथून पुढे विद्रूपता प्रेक्षकाच्या कल्पनेत राहते. आहार्य अभिनयाचा हा जाणीवपूर्वक त्याग आहे. सर्व भार आंगिक व वाचिक अभिनयावर आणि अखेर सात्त्विकावर येऊन पडतो. १९८० साली डेव्हिड लिंच यांनी याच मेरिकवर चित्रपट काढला तेव्हा जॉन हर्ट यांचा चेहरा रंगभूषेखाली संपूर्ण झाकला गेला. तो चित्रपट नाटकावर आधारलेला नव्हता, पण दोन माध्यमांच्या प्रकृतीतील अंतर त्यावरून स्पष्ट होते. चित्रपटाने विद्रूपता दाखविली. नाटकाने ती प्रेक्षकाकडून निर्माण करवून घेतली.

आता या भूमिकेत कोण कोण आले हे पाहिले म्हणजे वरील संकेताचे मर्म कळते. १९८० साली गायक डेव्हिड बोई यांनी ती केली. रोज नवा वेष आणि नवी रंगभूषा हीच ज्याची ख्याती, त्याने येथे रंगाविना उभे राहावयाचे होते. १९८१ साली ‘स्टार वॉर्स’मधील निष्पाप तरुण वीर म्हणून जगप्रसिद्ध झालेले मार्क हॅमिल मेरिक झाले. ब्रॅडली कूपर यांनी ही भूमिका २०१२ साली विल्यम्सटाउन येथे, २०१४ साली ब्रॉडवेवर व २०१५ साली लंडनमध्ये केली. त्याआधी २०११ साली एका अमेरिकी साप्ताहिकाने कूपर यांची त्या वर्षीचा सर्वांत आकर्षक पुरुष म्हणून निवड केलेली होती. त्यांच्याबाबत साच्यातून सुटण्याचे स्पष्टीकरण पुरेसे नाही हेही लक्षात घेतले पाहिजे, कारण प्रसिद्धी मिळण्याच्या कितीतरी आधी, नाट्यशिक्षण घेत असतानाच त्यांनी या नाटकावर काम केले होते. नटाच्या हेतूवरून भूमिकेचे मूल्य ठरविणे कसे फसवे असते याचा हा एक दाखलाच आहे.

या तिघांच्याही बाबतीत प्रेक्षकाला एकाच शरीरात दोन शरीरे पाहावी लागतात. सुंदर शरीर डोळ्यांना दिसते आणि विरूप शरीर मनाला. नट अप्रसिद्ध असला तरी हे द्वैत असतेच, परंतु तो तारा असला म्हणजे सुंदर शरीराला एक इतिहास प्राप्त होतो. नाटकाच्या आशयाशी हा इतिहास सुसंगत आहे. मेरिकला भेटावयास येणारी अभिजन मंडळी एका प्रवेशात एकामागून एक सांगतात, की हा मनुष्य आपल्याला आपल्यासारखाच वाटतो. प्रत्येकाला त्याच्यात स्वतःचे प्रतिबिंब दिसते, मेरिक मात्र कोणालाच दिसत नाही. चित्रपटताऱ्याची अवस्था याहून फार निराळी नसते. श्रीमती केंडल ही त्याला भेटणारी स्त्री नाटकात व्यवसायाने नटी आहे. किळस न दाखविता त्याच्याशी हस्तांदोलन कसे करावे याची ती आधी तालीम करते आणि मग हळूहळू त्या तालमीच्या पलीकडे जाते. ज्याच्याकडे लोक पैसे देऊन टक लावून पाहत होते त्या माणसाच्या भूमिकेत, ज्याच्याकडे लोक पैसे देऊन टक लावून पाहतात असा नट उभा राहतो. तेव्हा तिकीटखिडकीचा तो विरोधाभास नाटकाच्या आत शिरतो आणि प्रेक्षकाला स्वतःच्या पाहण्याचाच विचार करावा लागतो.

मात्र यातून नटाची सुटका झाली काय? हॅमिल यांचा पुढील इतिहास बोधप्रद आहे. १९८३ साली त्यांनी पीटर शॅफर यांच्या ‘अमेडिअस’मध्ये मोझार्टची भूमिका ब्रॉडवेवर केली. १९८४ साली त्या नाटकाचा चित्रपट झाला तेव्हा मोझार्ट झाले टॉम हल्स. पुढे हॅमिल यांना दुसरा मोठा लौकिक मिळाला तो १९९२ पासून ‘बॅटमॅन’च्या व्यंगचित्रमालिकेत जोकर या खलपुरुषाला दिलेल्या आवाजामुळे, म्हणजे जेथे त्यांचा चेहरा दिसतच नव्हता अशा ठिकाणी. रंगभूमीने साचा तपासला, पण तोडला नाही. तो ओलांडला गेला केवळ वाचिक अभिनयाच्या बळावर, मुद्रेला संपूर्ण रजा देऊन.

६

शॅफर यांचेच ‘इक्वस’ हे नाटक १९७३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरने प्रथम सादर केले. सतरा वर्षांचा अ‍ॅलन स्ट्रँग तबेल्यातील सहा घोड्यांचे डोळे फोडतो आणि त्याच्या मनाची गाठ उकलण्याचे काम डायसार्ट या मनोवैद्यावर येऊन पडते. बरे करणे म्हणजे या मुलातील उत्कट उपासनाशक्ती मारून टाकणे तर नव्हे, या शंकेने वैद्यच अस्वस्थ होतो. २००७ साली लंडनच्या गिलगुड नाट्यगृहात थेआ शॅरॉक यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा अ‍ॅलनची भूमिका डॅनिएल रॅडक्लिफ यांनी केली. त्या वेळी तेही सतरा वर्षांचेच होते. हॅरी पॉटरच्या चित्रमालिकेतील आठांपैकी चार चित्रपट झाले होते आणि चार व्हावयाचे होते. म्हणजे साचा मागे पडलेला नव्हता, तो अद्याप घडतच होता. पुढील वर्षी हाच प्रयोग न्यूयॉर्कला गेला.

वृत्तपत्रांचे सर्व लक्ष दुसऱ्या अंकातील नग्नतेकडे लागले. नाट्यदृष्ट्या त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी होत्या. पहिली अशी, की मनोवैद्याच्या भूमिकेत रिचर्ड ग्रिफिथ्स होते. त्याच चित्रमालिकेत त्यांनी नायकाचा छळ करणाऱ्या मावशीच्या नवऱ्याची भूमिका केली होती. मुलाच्या मनाचे दार ठोठावणारा मनुष्य तोच, ज्याने पडद्यावर त्या मुलाला जिन्याखालच्या कपाटात कोंडले होते. ही योजना हेतुपुरस्सर असो वा योगायोगाने घडलेली असो, डायसार्टच्या आत्मशंकेला तिने एक अनपेक्षित पार्श्वभूमी दिली. दुसरी गोष्ट साच्याच्या आशयासंबंधी आहे. पडद्यावरील मुलाजवळ अद्भुत शक्ती आहे आणि जग तिला मान देते. अ‍ॅलनजवळही एक खाजगी अद्भुत जग आहे, पण समाजाच्या लेखी तो रोग आहे. जादूच्या जगातून आलेल्या चेहऱ्यावर प्रेक्षक ही कथा वाचतो, तेव्हा अद्भुताची ओढ आणि उन्माद यांतील सीमारेषा कोणती, हा नाटकाचा मूळ प्रश्न अधिक तीक्ष्ण होतो.

शंकुकाचा चित्रतुरग येथे अक्षरशः रंगमंचावर अवतरतो. ‘इक्वस’मधील घोडे म्हणजे नटच असतात. त्यांच्या मस्तकावर घोड्याच्या डोक्याचा आराखडा असतो आणि त्यातून नटाचा चेहरा दिसत राहतो. त्यांना घोडे समजण्याचा निर्णय प्रेक्षकाचा असतो. १९७७ साली सिडनी ल्यूमेट यांनी या नाटकाचा चित्रपट केला तेव्हा खरे घोडे आले व डोळे फोडण्याचा प्रकार वास्तव स्वरूपात दाखविला गेला. परिणामी, नाटकात जे विधीसारखे भासते ते चित्रपटात केवळ क्रौर्य होऊन बसले. आराखड्याआडचा नटाचा चेहरा आणि अ‍ॅलनआडचा ताऱ्याचा चेहरा ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत. रंगभूमी काहीच झाकून ठेवीत नाही, म्हणूनच तिला सर्व काही सूचित करता येते.

७

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण त्यांचा साचा बहुतांशी रूपावरच उभारलेला असतो. फॅरा फॉसेट यांची कीर्ती दोन गोष्टींवर आधारलेली होती : १९७६ सालचे लक्षावधी प्रतींनी खपलेले एक भित्तिचित्र, आणि दूरचित्रवाणीवरील ‘चार्लीज एंजल्स’ या मालिकेचा एक हंगाम. १९८३ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहात विल्यम मॅस्ट्रोसिमोन यांच्या ‘एक्स्ट्रिमिटीज’ या नाटकातील मार्जोरीची भूमिका स्वीकारली. तीच भूमिका आरंभी सुझन सरँडन यांनी केली होती. घरात एकट्या असलेल्या मार्जोरीवर एक परका मनुष्य बलात्काराच्या हेतूने चालून येतो. ती त्याच्यावर मात करते, त्याला बांधून घरातील शेकोटीच्या कोनाड्यात कोंडते आणि त्याला जिवंत पुरण्याची तयारी करू लागते. मैत्रिणी परततात तेव्हा आपल्यावर हल्ला झाला हे तिला त्यांनाही पटवून द्यावे लागते.

या नाटकातील शारीरिक झटापट नटीला रोज नव्याने भोगावी लागते. परंतु भूमिकेचे अनाकर्षकत्व केवळ विस्कटलेल्या केसांत किंवा मळलेल्या वस्त्रांत नाही. जिच्या चित्राकडे लक्षावधींनी पाहिले ती स्त्री येथे पाहणाऱ्याच्या नजरेतून उद्भवणाऱ्या हिंसेला सामोरी जाते, आणि त्यानंतर स्वतः इतकी कठोर होते की तिच्याविषयीची सहानुभूतीही डळमळू लागते. भित्तिचित्रातील हास्य प्रेक्षकाच्या स्मृतीत असल्याशिवाय हा आघात पूर्ण होत नाही. पुढे १९८४ सालच्या ‘द बर्निंग बेड’ या दूरचित्रवाणीपटात आणि १९८६ साली ‘एक्स्ट्रिमिटीज’च्याच चित्रपटरूपात फॉसेट यांना गंभीर भूमिका मिळाल्या. रंगभूमीने पडद्याचे दार काही अंशी उघडून दिले, असे हे तुलनेने विरळ उदाहरण होय.

८

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रश्नाची दोन बोलकी उदाहरणे सापडतात. बालगंधर्वांच्या प्रतिमेइतकी दृढ प्रतिमा मराठी प्रेक्षकाच्या मनात क्वचितच दुसऱ्या कोणाची निर्माण झाली असेल. ‘मानापमान’मधील भामिनी (१९११) आणि ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी (१९१६) यांचे ऐश्वर्य ज्या प्रेक्षकाने डोळे भरून पाहिले होते, त्याच्यासमोर १९१९ साली ‘एकच प्याला’तील सिंधू आली. नवऱ्याच्या व्यसनापायी दारिद्र्याला मिळालेली ही पतिव्रता अखेर जात्यावर दळण दळते. गडकऱ्यांच्या लेखणीचे सामर्थ्य मान्य करूनही असे म्हणावे लागते, की त्या कारुण्यात भामिनीच्या वैभवाच्या स्मृतीचा वाटा होता. प्रतिमा लपली नव्हती. ती जात्यापाशी बसली होती.

याउलट १९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘धर्मात्मा’ या प्रभातच्या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. स्त्रीरूप पूर्णपणे बाजूला ठेवून ते पुरुषवेषात आले. प्रभातबरोबरची भागीदारी त्या एका चित्रपटापलीकडे गेली नाही, आणि १९३७ सालच्या ‘साध्वी मीराबाई’त बालगंधर्व पुन्हा स्त्रीभूमिकेकडे वळले. येथे दिशा उलटी आहे, रंगभूमीकडून पडद्याकडे. पण सिद्धान्त तोच. सिंधूने प्रतिमेला वाकविले, म्हणून ती प्रतिमेची पूर्ती ठरली. एकनाथात प्रतिमेचा केवळ अभाव होता, आणि केवळ अभावातून नवी प्रतिमा उभी राहत नाही.

दुसरे उदाहरण निळू फुले यांचे. लोकनाट्यातून आलेल्या या नटाला १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटाने प्रसिद्धी दिली. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी सखारामची भूमिका केली. टाकलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा हा बुकबाइंडर क्रूर आहे, पण ढोंगी नाही. अखेर हातून खून घडल्यावर तो सुन्न होऊन जातो. पडद्यावरील दुष्टपणा बहुधा कथेच्या सोयीसाठी असतो. सखारामच्या दुष्टपणाला पोट आहे, भूक आहे, एकटेपणा आहे. तरीही या भूमिकेने नटाला साच्यातून वाचविले, असे म्हणता येत नाही. पुढील काळात मराठी चित्रपटाने त्यांना पाटील, सरपंच, पुढारी यांच्या खलभूमिकांत अधिकच घट्ट बसविले. १९७९ सालच्या ‘सिंहासन’मधील पत्रकार दिगू टिपणीस हा त्याला ठळक अपवाद. साचा नटाच्या कुवतीतून निर्माण होत नाही, तो मागणीतून निर्माण होतो. म्हणूनच केवळ कुवत सिद्ध करून तो मोडत नाही.

९

या सर्व प्रकाराविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. विकल किंवा विद्रूप माणसाचे दुःख हे सुदृढ व सुंदर नटाच्या कलात्मक मुक्तीचे साधन का व्हावे? ज्यांचे शरीर खरोखरच तसे आहे अशा नटांना सुंदर माणसाची भूमिका तर मिळत नाहीच, पण स्वतःसारख्या माणसाचीही मिळत नाही. तारा काही महिने विकल होतो, प्रशंसा मिळवितो आणि पुन्हा आपल्या रूपात परततो. विकलाला परतावयास दुसरे रूप नसते.

या आक्षेपाचे सर्वांत मर्मभेदी रूप समीक्षेत नव्हे, तर एका नाटकातच आढळते. मार्टिन मॅकडोना यांच्या ‘द क्रिपल ऑफ इनिशमान’मधील बिली हा आयर्लंडच्या एका बेटावरील पंगू अनाथ मुलगा. १९३४ साली जवळच्या बेटावर चित्रपट काढण्यासाठी परदेशी मंडळी आल्याचे ऐकून तो धडपडत त्यांच्यापर्यंत पोहोचतो आणि चाचणीसाठी हॉलिवूडलाही जातो. तेथे त्याला कळते, की ज्याला अभिनय येत नाही अशा पंगूपेक्षा पंगुत्वाचा अभिनय करणारा धडधाकट मनुष्यच त्यांना बरा वाटतो. २०१३ साली लंडनमध्ये मायकेल ग्रँडेज यांनी हे नाटक बसविले तेव्हा बिलीची भूमिका रॅडक्लिफ यांनीच केली. म्हणजे धडधाकट चित्रपटतारा, धडधाकट नटामुळे चित्रपटातून नाकारल्या गेलेल्या पंगू मुलाची व्यथा सांगत होता. या प्रयोगाने आक्षेपाचे निराकरण झाले असे नव्हे, उलट तो आक्षेप प्रेक्षकासमोर सदेह उभा राहिला. तो पाहून कोणी अस्वस्थ झाला असेल, तर ती अस्वस्थता नाटकाला अभिप्रेतच होती. पण कोणी केवळ ताऱ्याच्या धैर्याचे कौतुक करीत घरी गेला असेल, तर त्याने नाटक पाहिलेच नाही.

१०

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा : अनाकर्षक भूमिकेने चित्रपटनट साच्यातून सुटतो, ही समजूत वस्तुस्थितीला क्वचितच धरून असते. हॅमिल सुटले ते आवाजाने, फुले सुटले नाहीत, आणि फॉसेट यांच्यापुढे दार अर्धेच उघडले. रॅडक्लिफ यांनी पुढे २०२० साली बेकेटच्या ‘एंडगेम’मध्ये क्लॉव्ह केला आणि ‘मेरिली वी रोल अलाँग’ या संगीतिकेसाठी २०२४ साली टोनी पारितोषिक मिळविले. हे फळ एखाद्या धक्कादायक भूमिकेचे नव्हे. सतरा वर्षे चिकाटीने चालू ठेवलेल्या रंगसाधनेचे ते फळ आहे.

तेव्हा अशा भूमिकांचे मूल्यमापन सुटकेच्या कसोटीवर करू नये. नटाने रूपाचा किती त्याग केला, हा प्रश्न गौण आहे. त्याच्याबरोबर आलेल्या परिचित मुद्रेला नाटकाने काम दिले काय, त्या मुद्रेविषयी प्रेक्षकाला काही नवे कळले काय, आणि ज्यांच्या दुःखाचे रूप उसने घेतले त्यांच्याविषयी काही कळले काय, हे प्रश्न खरे महत्त्वाचे आहेत. ‘द एलिफंट मॅन’ व ‘इक्वस’ ही नाटके या कसोटीस उतरतात, कारण त्यांची घडणच पाहणाऱ्याच्या नजरेचा विचार करते. जेथे ही घडण नाही तेथे ताऱ्याचे विद्रूप होणे ही केवळ आणखी एक रंगभूषा ठरते, आणि रंगभूषा प्रयोगानंतर पुसली जाते. तिच्याखालची मुद्रा होती तशीच राहते.